पट तिरका वाचायचा

संस्थेच्या वार्षिक सभेत एक वाक्य ठरलेलं असायचं. "पट टिकून आहे." शाळेतल्या मुलांचा यंदाचा एकूण आकडा वाचायचा, शेजारी गेल्या वर्षीचा ठेवायचा, फरक दहा-पाचाचा निघाला की पुढचा विषय. मी कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहायचे. खाजगी शाळेच्या कार्यालयात बावीस वर्षं काढली, त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं हे वाक्य मीही इमानेइतबारे उतरवून घेतलं. मग एका वर्षी वरच्या वर्गाची भरलेली तुकडी शाळा संपवून बाहेर पडली आणि पट धाडकन खाली आला. सगळे म्हणाले, अचानक झालं. अचानक कसलं? चार वर्षांपूर्वीच ते रजिस्टरात लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. वाचायचं कसं, एवढंच मला ठाऊक नव्हतं.

आता निवृत्त झाल्यावर ओळखीच्या शाळा बोलावतात. "ताई, पटाचं जरा बघून द्या." मी जाऊन जे करते तेच इथे लिहिते आहे. लागतात त्या तीन गोष्टी: निदान सहा वर्षांचे वर्गवार आकडे, एक मोठा कागद (स्प्रेडशीट येत असेल तर उत्तमच) आणि दोन निवांत दुपारी.

आधी खरा आकडा कुठला ते ठरवा

एकाच शाळेत एकाच दिवशी पटाचे किमान तीन आकडे सापडतात. जनरल रजिस्टर (प्रवेश आणि दाखल्यांची कायमची नोंद) एक सांगतं, वर्गशिक्षकांचे हजेरीपट दुसरं सांगतात आणि फीची वही तिसरं. रजिस्टरात दाखला न नेता गायब झालेली मुलं असतात. हजेरीपटावर नाव चढून एकदाही वर्गात न बसलेली मुलं असतात. फीच्या वहीत पैसे भरून न आलेली असतात आणि फी माफ असलेली नसतात.

या शेवटच्या जागी मी स्वतः तोंडावर आपटले आहे. एका वर्षी घाई होती म्हणून फीच्या वहीवरून मोजणी केली. कर्मचाऱ्यांची मुलं आणि शिष्यवृत्तीवरची मुलं त्या वहीत नव्हतीच. माझ्या हिशेबाने दोन तुकड्या पुरत होत्या. शाळा उघडली तेव्हा एका खोलीत सत्तेचाळीस मुलं, आणि बाक चाळिसांचे. त्या वर्गाच्या बाई पुढचा महिनाभर माझ्याशी सरळ बोलत नव्हत्या.

म्हणून नियम असा करा: वर्षातली एक तारीख पक्की धरा आणि तिच्या आधीच्या दोन आठवड्यांत जे मूल एकदा तरी वर्गात बसलं तेच मोजा. तारीख शाळा सुरू झाल्याबरोबरची नको, कारण पहिल्या महिन्यात ये-जा फार असते. देशोदेशीच्या सरकारी मोजण्यांनाही अशी तारीख असते. भारतात यूडायससाठी, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या सरकारी माहितीसाठी, ३० सप्टेंबर ही संदर्भ तारीख वर्षानुवर्षं चालत आली. ब्रिटनमधल्या खाजगी शाळांची संघटना आपली गणना दर जानेवारीत करते. तुमची तारीख कुठलीही असू द्या, ती दरवर्षी तीच हवी. एका वर्षी सत्राच्या सुरुवातीचा आकडा आणि दुसऱ्या वर्षी अखेरचा घेतला, तर जो फरक दिसेल तो तारखांमधला असेल, मुलांमधला नाही.

बाहेरचे आकडे वापरताना आणखी एक खबरदारी: मोजायची पद्धत मधेच बदललेली नाही ना, ते बघा. यूडायस प्लसमध्ये, म्हणजे यूडायसच्या नव्या रूपात, २०२२-२३ पासून शाळेने दिलेल्या एकूण बेरजेऐवजी प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद घेतली जाऊ लागली. त्यानंतर देशाची एकूण विद्यार्थिसंख्या आधीच्या वर्षांपेक्षा एक कोटीहून जास्त कमी दिसली. एवढी मुलं एका वर्षात शाळा सोडून गेली असा अर्थ काढणारे लेख मी वाचले आहेत. मोजपट्टीच बदलल्यावर आधीची उंची आणि नंतरची उंची शेजारी ठेवता येत नाही. अशा ठिकाणी मी कागदावर लाल रेघ मारते आणि तिच्या अलीकडचं नि पलीकडचं वेगवेगळं वाचते.

तक्ता मांडा

उभ्या बाजूला वर्षं, आडव्या बाजूला वर्ग. इतकंच. समजण्यापुरती पाचच वर्गांची शाळा घेऊ आणि आकडे हिशेबाला सोपे घेऊ. पहिली ते पाचवी, डावीकडून उजवीकडे:

पहिलं वर्ष: ८०, ७४, ७२, ७०, ६०. एकूण ३५६.
दुसरं वर्ष: ७२, ७७, ७४, ७१, ६६. एकूण ३६०.
तिसरं वर्ष: ६४, ६९, ७६, ७५, ६७. एकूण ३५१.

सभेत काय वाचलं जाईल? ३५६, ३६०, ३५१. पट टिकून आहे, चला पुढे.

आता बोट पहिल्या वर्षाच्या ८० वर ठेवा आणि तिरकं खाली उजवीकडे न्या. दुसऱ्या वर्षीची दुसरी ७७. पुन्हा तिरकं, तिसऱ्या वर्षीची तिसरी ७६. ही तीच मुलं आहेत, एकेक इयत्ता चढत चाललेली. ८० आली, तीन गेली, मग आणखी एक गेलं. मग ७२ वर बोट ठेवा: ७२, ६९. अशा सगळ्या तिरक्या ओळी वेगवेगळ्या रंगांनी रंगवा. मी रंगीत पेन्सिली वापरते. संगणकावरही होतं, पण हाताने रंगवताना डोळा जिथे अडखळतो तिथेच बहुधा काहीतरी असतं.

यानंतर एकच गणित. यंदाची दुसरी भागिले गेल्या वर्षीची पहिली, गुणिले शंभर. ७७ भागिले ८० म्हणजे शंभरातली साधारण ९६ टिकली. पुढच्या वर्षी ६९ भागिले ७२, पुन्हा ९६. असंच दुसरी ते तिसरी, तिसरी ते चौथी, चौथी ते पाचवी. आमच्या तक्त्यात सरासरी येते अनुक्रमे ९६, ९९, १०० आणि ९४ (पूर्णांकात; पुढचे हिशेब दशांशांसकट केले आहेत). या टक्क्याला मी टिकाव म्हणते. लोकसंख्येचा अभ्यास करणारे याच पद्धतीला कोहॉर्ट सर्व्हायव्हल म्हणतात आणि शाळांचे अंदाज जगभर बहुतेक याच पद्धतीने बांधले जातात. टिकाव शंभरावर गेला तर दचकू नका. त्या इयत्तेत बाहेरून मुलं आली एवढाच त्याचा अर्थ. मात्र शंभर म्हणजे कोणीच गेलं नाही असं समजू नका. दहा गेली आणि दहा आली तरी शंभरच येतात. ते वेगळं पाहायचं असेल तर गेलेली आणि आलेली नावं दोन रकान्यांत लिहावी लागतात. वेळखाऊ काम आहे, पण एकदा तरी कराच.

आता खरी गंमत. समजा आजपासून पहिलीची घसरण थांबली आणि दरवर्षी नेमकी ६४ मुलं येत राहिली. टिकावही आहे तसाच राहिला. चार वर्षांनी शाळेत किती मुलं असतील? ६४, ६१, ६१, ६१, ५८. एकूण ३०५. म्हणजे कोणी काही चुकवलं नाही, आणखी काहीही बिघडलं नाही, तरी ३५१ चे ३०५ होणार. सेहेचाळीस मुलांची घट आधीच होऊन गेलेली आहे. वरच्या वर्गांत बसलेल्या मोठ्या तुकड्यांआड ती दडली आहे इतकंच. हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा तीनदा तपासून पाहिला. हातातला चहा थंड झाला होता.

आडवा, उभा, तिरका

रंगवलेल्या तक्त्यावर तीन तऱ्हेचे डाग उठतात आणि तीन तऱ्हांची कारणं वेगळी असतात. माझ्या मते सगळ्या कामाचा जीव इथेच आहे, म्हणून इथे घाई करू नका.

पहिला डाग आडवा. एकाच वर्षाच्या ओळीत सगळ्या वर्गांचा टिकाव एकदम पडतो. इयत्ता कुठलीही असो, मूल कितव्या वर्षाचं असो, त्या वर्षी काहीतरी घडलेलं असतं. फी एकदम वाढली, बसचा एक मार्ग बंद झाला, मुख्याध्यापक बदलले, जवळचा मोठा कारखाना उठला. याचं सगळ्यांनी पाहिलेलं उदाहरण करोनाचं. भारतातल्या ग्रामीण भागाची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालांत ६ ते १४ वयाच्या मुलांपैकी सरकारी शाळांत असलेल्यांचं प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होतं. २०२२ मध्ये ते ७२.९ टक्क्यांवर गेलं. उत्पन्न बुडालेल्या घरांनी मुलं खाजगी शाळांतून काढली, कमी फीच्या कितीतरी खाजगी शाळा बंदच पडल्या. तेव्हा पुष्कळांनी लिहिलं की वारं कायमचं फिरलं. २०२४ मध्ये आकडा ६६.८ वर आला, म्हणजे जवळजवळ होता तिथे. आडव्या डागाचा स्वभाव असा असतो: जोरात येतो आणि कारण सरलं की बराचसा पुसतो. म्हणून सरासरी काढताना असं वर्ष वगळा. दोन सरासऱ्या लिहा, त्या वर्षासकट आणि त्या वर्षाविना. कुठली वापरली तेही तिथेच लिहून ठेवा, नाहीतर वर्षभराने तुम्हालाच आठवणार नाही.

दुसरा डाग उभा. दरवर्षी त्याच इयत्तेला गळती. आमच्या तक्त्यात चौथीतून पाचवीत जाताना शंभरातली सहा जातात, दोन्ही वर्षी तेवढीच. हा डाग शाळेच्या रचनेचा असतो. शाळा लवकर संपते म्हणून पालक एक वर्ष आधीच "मोठ्या" शाळेत जागा धरतात. कुठे बोर्डाच्या परीक्षेआधीची इयत्ता तशी असते. कुठे माध्यम किंवा अभ्यासक्रम बदलण्याचा टप्पा असतो. उलटही होतं. एखाद्या इयत्तेला दरवर्षी टिकाव ११० येतो, कारण शेजारची शाळा तिच्या आदल्या इयत्तेला संपते. हा फुगवटा फुकटचा असतो आणि म्हणूनच धोक्याचा. शेजारच्या शाळेने एक इयत्ता वाढवली की तो गेला.

पहिली ते दुसरीची गळती मात्र मी वेगळी काढते. पहिल्याच वर्षानंतर जाणारं घर रचनेमुळे जात नाही. सांगितलं होतं एक आणि मिळालं दुसरं, म्हणून जातं. प्रवेशाच्या वेळची सवलत दुसऱ्या वर्षी संपली, हेही कारण असतं. ही गळती शंभरात आठ-दहाच्या वर दिसली तर मी जाहिरातीचं पत्रक मागवून घेते आणि त्यातलं एकेक वाक्य शाळेत फिरून तपासते. "प्रशस्त ग्रंथालय" म्हणजे कुलूप लावलेली दोन कपाटं, असं एकदा निघालं होतं.

तिसरा डाग तिरका. एका वर्षी एकत्र आलेली तुकडी जन्मभर लहान किंवा मोठी राहते आणि शाळेतून सापाच्या पोटातल्या घासासारखी सरकत जाते. याचं मला आवडणारं उदाहरण जपानचं. १९६६ हे वर्ष तिथल्या पंचांगात 'हिनोए-उमा' म्हणजे अग्नी-अश्वाचं होतं, आणि त्या वर्षी जन्मलेल्या मुली घराला जड जातात अशी समजूत होती. १९६५ मध्ये तिथे सुमारे १८.२ लाख मुलं जन्मली. १९६६ मध्ये सुमारे १३.६ लाख, १९६७ मध्ये पुन्हा १९.४ लाख. मधली ती रोडावलेली तुकडी १९७२-७३ च्या सुमारास पहिलीत बसली आणि पुढे बारा वर्षं प्रत्येक इयत्तेला आळीपाळीने रिकामे बाक दाखवत गेली. चौथीचा पट घटला म्हणून चौथीच्या शिक्षकाला बोल लावणं त्या वर्षी किती चूक ठरलं असतं! हे चक्र साठ वर्षांचं आहे, २०२६ पुन्हा तेच वर्ष.

तिरका डाग ओळखता न आल्याने शिक्षकांना नाहक बोलणी खाताना मी पाहिलं आहे. एका बाईंच्या वर्गात तीन वर्षं पट चाळीसच्या आसपास, चौथ्या वर्षी एकतीस. सभेत त्यांना उभं केलं. खरं तर ती तुकडी पहिलीत आली तेव्हाच बत्तीस होती. रजिस्टर माझ्या टेबलावर होतं आणि मी गप्प बसले. तेव्हा तिरकं वाचायला येत असतं तर बोलले असते, असं मी स्वतःला सांगत असते.

तळं आटतंय की घागर गळतेय

पहिलीची मुलं कमी झाली की दोन शक्यता असतात: परिसरात मुलंच कमी जन्मली, किंवा मुलं आहेत पण तुमच्याकडे येत नाहीत. तळं आटलं असेल तर घागरीची डागडुजी करून उपयोग नाही, आणि घागर गळत असेल तर पावसाची वाट पाहून उपयोग नाही. म्हणून पहिलीच्या आकड्याखाली आणखी एक ओळ लिहा: पाच-सहा वर्षांपूर्वी त्या परिसरात नोंदलेले जन्म. मग पहिलीची मुलं भागिले ते जन्म. हा तुमचा वाटा.

जन्मांच्या नोंदीत एक सोय अशी की भविष्य आधीच लिहून झालेलं असतं. दक्षिण कोरियात २०१५ मध्ये सुमारे ४.३८ लाख मुलं जन्मली, २०२३ मध्ये सुमारे २.३ लाख. २०२३ ची मुलं तिथे २०३० मध्ये पहिलीत बसतील. त्या वर्षी तिथल्या शाळांना पहिलीत किती मुलं मिळणार यावर आज वाद घालण्यात काय अर्थ आहे? वाद घालायचा तर वाट्यावर घाला. परिसर लहान असेल तर जन्मांच्या जोडीला घरांची ये-जा बघावी लागते: नवीन वसाहती, रिकाम्या होणाऱ्या इमारती, लसीकरणाच्या नोंदी मिळत असतील तर त्या.

बहुतेक वेळा दोन्ही कारणं गुंतलेली असतात आणि एकच शोधायचा हट्ट सोडावा लागतो. अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांकडे बघा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जवळजवळ १३,००० शाळांत ५२ लाखांहून जास्त मुलं होती. आज १७ लाखांच्या आसपास आहेत. तिथे नाममात्र मानधनावर शिकवणाऱ्या जोगिणींची (नन्सची) संख्या घटली, त्यांच्या जागी पगारी शिक्षक आले, त्यामुळे फी वाढली. त्याच काळात कॅथलिक कुटुंबं शहरांतल्या जुन्या वस्त्या सोडून उपनगरांत गेली, शाळा मागे राहिल्या. आणि घरटी मुलंही कमी झाली. तळं आटलं, घागर गळली आणि विहिरीची वाटही लांबली. यातलं एकच कारण धरून उपाय करणाऱ्या शाळेच्या हाती काय लागलं असेल?

वाट्याची तुलना दुसऱ्या गावाशी किंवा देशाशी करण्याचा मोह आवरा, निदान "खाजगी" म्हणजे तिथे काय ते कळेपर्यंत तरी. नेदरलँड्समध्ये सुमारे दोन तृतीयांश मुलं खाजगी व्यवस्थापनाच्या शाळांत जातात, पण १९१७ पासून तिथल्या राज्यघटनेनेच अशा शाळांना सरकारी शाळांइतका निधी दिला आहे. चिलीत १९८१ पासून आणि स्वीडनमध्ये १९९२ पासून सरकारी पैसा मुलामागून खाजगी शाळेत जातो. युनेस्कोची आकडेवारी शाळा कोण चालवतं यावरून खाजगी ठरवते, पैसे कोण देतं यावरून नाही. पालकाच्या खिशाला हात घालावा लागतो की नाही, यानेच तर पटाची सगळी चाल बदलते. अनुदानित आणि विनाअनुदानित शाळा एकाच बेरजेत घालणारा तक्ता मी बाजूला ठेवते.

दाखल्यावरचं कारण खोटं असतं

खोटं म्हणजे सभ्य. "पालकांची बदली", "घरगुती कारण". बावीस वर्षांत "तुमची शाळा आवडली नाही" असं एकाही अर्जावर वाचलं नाही. माणसं निघताना भांडण नको म्हणून दोन शब्द लिहितात, आपण ते रजिस्टरात उतरवतो आणि वर्षअखेर त्यांचीच टक्केवारी काढतो!

त्यापेक्षा दोन महिन्यांनी फोन करा. लगेच नको, तेव्हा राग तरी असतो नाहीतर संकोच तरी. तीनच प्रश्न विचारा. मूल आता कुठे जातं? जायचं पहिल्यांदा केव्हा मनात आलं? घरात हा विषय आधी कोणी काढला? "का गेलात" विचारू नका, पुन्हा "बदली"च ऐकायला मिळेल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार बोलकं असतं. मी ज्या घरांशी बोलले त्यांतल्या बहुतेकांच्या मनात ते दाखला नेण्याच्या वर्षभर आधी आलेलं होतं. म्हणजे यंदाची गळती गेल्या वर्षीच्या कारणांची असते आणि तक्ता वाचताना एक ओळ वरही बघावं लागतं.

आणि मुलं मोजता तशी घरंही मोजा. हे जवळजवळ कुणी करत नाही. एका घरातली दोन-तीन भावंडं एकाच शाळेत असतात. मोठं गेलं की धाकटं पुढच्या वर्षी जातं. तक्त्यात ते दोन वेगळ्या वर्गांतले दोन वेगळे आकडे दिसतात, पण निर्णय एकच झालेला असतो. पहिलीत आलेल्या मुलांपैकी किती जणांचं भावंड आधीपासून शाळेत आहे, हा आकडा तर मी सगळ्यात आधी मागते. पहिलीची मुलं घटताहेत आणि त्यांत भावंडांचं प्रमाण वाढतंय, असं दिसलं तर समजा की नवी घरं दारात येईनाशी झाली आहेत आणि जुन्या घरांवर शाळा चालली आहे. त्या घरांतली धाकटी मुलं संपली की काय उरणार?

चौकशीच्या वहीवरून हेच वेगळ्या वाटेने कळतं. चौकशी, अर्ज, पैसे भरले, वर्गात बसलं, या चार पायऱ्यांवर दर आठवड्याला किती जण होते ते लिहा आणि गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी ताडून बघा. चौकशीच कमी असेल तर नाव कानावर पडत नाही. चौकशी भरपूर आणि अर्ज कमी असतील तर दारात आल्यावर काहीतरी खटकतंय. बहुतेक वेळा फोन उचलणारी व्यक्ती. (हे मी फोन उचलणारी म्हणूनच सांगते आहे.) पैसे भरून मुलं आली नाहीत तर पालकांनी दोन-तीन ठिकाणी जागा धरून ठेवली होती.

अंदाज लिहून ठेवा

वरच्या तक्त्यावरून पुढचं वर्ष मांडू. दुसरी ६४ च्या ९६ टक्के, म्हणजे ६१. तिसरी ६९. चौथी ७६. पाचवी ७१. या चार वर्गांची बेरीज २७७ आणि ती बऱ्यापैकी भरवशाची. पहिली तशी नाही. ती ६४ वर थांबली तर एकूण ३४१, आणखी आठने घसरली तर ३३३. सभेला एकच आकडा हवा असतो. देऊ नका. दोन्ही द्या आणि कुठला कशामुळे येईल तेही सांगा. एका वर्षापुढे अंदाज बऱ्यापैकी उतरतो, तीन वर्षांपुढे पहिलीचा अंदाजच सगळा खेळ ठरवतो, आणि पाचाच्या पुढे मी लिहीतच नाही.

एकदा मी पहिलीला ५८ सांगितली आणि ७१ आली. सगळे खूश, माझं कौतुकसुद्धा झालं, जणू ती तेरा मुलं मीच आणली होती. शोधल्यावर कळलं की जवळची एक छोटी शाळा बंद झाली होती आणि तिथे नाव घातलेली मुलं इकडे वळली होती. ती तेरा मी तक्त्यात वेगळ्या खुणेने लिहिली. नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी ७१ हाच पाया धरून तुकडी वाढवली असती. अंदाज आणि प्रत्यक्ष शेजारी-शेजारी लिहायची वही ठेवा. माझी चूक बहुतेक एकाच दिशेने होते, मी जरा कमीच धरते, हे मला त्या वहीनेच दाखवलं.

एक गोष्ट बजावून सांगते. हा तक्ता मुलांची नावं नसलेला ठेवा, आणि कोण जाणार याची यादी करून त्या घरांवर दबाव आणायला तो वापरू नका. दाखला अडवून टिकवलेलं मूल पटावर दिसतं, पण ते घर पुढे चार घरांना काय सांगतं ते कुठल्याच रकान्यात येत नाही.

गेल्या वेळी एका शाळेत हे सगळं एका कागदावर नेलं होतं. वर तीन वर्षांचे रंगवलेले आकडे, खाली चार वर्षांनंतरची ओळ. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पहिल्या वर्षाच्या पहिलीवर बोट ठेवून तिरकं खाली नेलं आणि तिसऱ्या वर्षीच्या तिसरीवर थांबले. "ही पोरं शाळेतून कधी बाहेर पडणार?" मी सांगितलं, आणखी दोन वर्षं वर्गात असतील, तिसऱ्या वर्षी नाहीत. ते काही बोलले नाहीत. सचिवांकडे वळून त्यांनी नव्या मजल्याच्या बांधकामाची फाईल मागवली.